कोणता डोळा

सकाळी सव्वासहाच्या सुमारास मी मोबाइलवरच्या एका जुन्या फोटोत माझ्या बहिणीवर बोट ठेवलं, आणि ती दुसऱ्याच कोणाची तरी मुलगी निघाली. फोटो भैय्याजी गुरुजींनी पाठवला होता. सानगडीच्या शाळेतले आमचे गुरुजी, वय आता चौऱ्याऐंशी. हल्लीच सुनेनं त्यांना व्हॉट्सअ‍ॅप शिकवलं आहे आणि तेव्हापासून ते रोज सकाळी अख्ख्या जगाला सुविचार पाठवतात. त्या दिवशीही सुविचारच असेल म्हणून मी उघडला. निघाला चौथीच्या वर्गाचा फोटो, सव्वीस जानेवारी एकोणीसशे एकोणनव्वदचा. मागे शाळेची कौलं, पुढे तीन रांगांत एकवीस पोरं, कडेला स्वतः गुरुजी, काळ्या केसांचे. मला शोधावं लागलंच नाही. मधल्या रांगेत दोन वेण्या, मोठे डोळे, जरा पुढे झुकून हसणारी. सरिता. छत्तीस वर्षांपूर्वी ती गेली तेव्हापासून मी तिचा फोटो पाहिला नव्हता, कारण आमच्या घरी तिचा फोटोच नव्हता. दोन बोटांनी तिला मोठी केली आणि नुसता बघत बसलो. मग गुरुजींचा दुसरा मेसेज आला, फोटोच्या मागच्या बाजूचा. तिथे त्यांच्या त्या सुबक अक्षरात सगळ्यांची नावं रांगेप्रमाणे लिहिलेली. मधली रांग, डावीकडून चौथी, कु. गुलाब. मागची रांग, उजवीकडून दुसरी, कु. सरिता डोमा मेश्राम. मी मागच्या रांगेकडे गेलो. रुंद कपाळ, जाड भुवया, कानापर्यंत कापलेले केस, ओठ घट्ट मिटलेले, डोळेसुद्धा मिटलेले. या मुलीला मी कधी पाहिलंय असं मला वाटलं नाही.

माझा धंदा काय आहे ते सांगितलं पाहिजे, नाहीतर माझी ही चूक नुसती म्हातारपणाची वाटेल, आणि मी काही म्हातारा नाही, अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. मी लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढतो. भंडाऱ्यात खात रोडला दोन खोल्या आणि एक गच्ची, एवढ्यात मी आणि माझी माय राहतो, आणि इथूनच चित्रं पुण्याला जातात. चिमी नावाची मुलगी माझी. म्हणजे गोष्टी दुसरे लोक लिहितात, पण चिमी माझी. चिमी आणि बेडूक, चिमीची छत्री, चिमी बाजारात, अशी बारा पुस्तकं झाली. शाळांमधून, अंगणवाड्यांमधून तिची पोस्टरं लागलेली आहेत. ही चिमी म्हणजे सरिता हे मी कोणाला सांगितलेलं नाही, मायला सोडून. आणि चिमी आली माझ्या रोजच्या पानातून. नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात असताना, सत्त्याण्णव सालापासून, मी रोज सकाळी चहाच्या आधी एक पान काढतो. चार-बीची पेन्सिल, बायंडरकडून शिवून घेतलेली कोरी वही, कोपऱ्यात तारीख. दिसेल ते काढायचं, पाण्याचा पितळी गुंड, शेजारच्या शकुनबाईंची बकरी, वैनगंगेच्या पुलावर थांबलेला ट्रक, आणि पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, शेवटी, सरिताचा चेहरा. ताप असला तरी, बाबांना जाळून आलो त्या दिवशीसुद्धा, पान चुकलेलं नाही. दहा हजारांच्या वर सरिता झाल्या असतील. आणि माझा एक नियम आहे, रबर वापरायचं नाही. आजची रेघ चुकली तर तशीच राहू द्यायची आणि उद्याच्या पानात सुधारायची. या नियमाचा मला फार अभिमान होता. दोन-तीन मुलाखतींत मी तो मोठ्या तोऱ्यात सांगितलाही आहे. त्या सकाळी कळलं की मी रोज सरिताला पाहून सरिता काढत नव्हतो, कालच्या सरिताला पाहून काढत होतो, आणि रोज थोडी सुधारत होतो.

पलंगाखालची पेटी ओढली. वह्या ओळीनं लावलेल्या असतात, तेवढा टापटिपीचा मी आहे. दोन हजार चोवीस, एकवीस, पंधरा, अकरा. मागे मागे जाताना वेण्या लहान होत गेल्या, हनुवटी रुंद होत गेली, गालावरचा गोलपणा उतरला. दोन हजार नऊमध्ये एका ठिकाणी समासात मी स्वतःच लिहून ठेवलेलं सापडलं, 'कपाळ कमी करणे.' ते पुण्याच्या आधीच्या संपादकांनी सांगितलं होतं, कपाळ मोठं असलं की मूल पोक्त वाटतं म्हणून. वेण्या कुठून आल्या ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. एका पानावर केस आखूड आहेत, पुढच्याच पानावर कानामागे एक छोटीशी शेंडी, आणि दोन महिन्यांत खांद्यापर्यंत वेणी. चौथीतली गुलाब वर्गात सगळ्यात गोड दिसायची. सरिताला शाळेतून आणायला मी सहावीतून जायचो आणि दारात उभं राहून गुलाबच्या लाल रिबिनींकडे बघायचो, हे मला त्या वह्या मांडीवर घेऊन बसल्यावर आठवलं, आणि माझी मलाच किळस आली. माझ्या बहिणीच्या जागी मी हळूहळू, रोज एक रेघ, गुलाबला आणून बसवलं होतं, तेही भावाच्या प्रेमानं. सगळ्यात खाली पहिली वही होती. ती उघडायला मला भीती वाटली, कारण एक गोष्ट मला या वह्यांच्या आधीपासून माहीत होती आणि तिच्याबद्दल मी फार वर्षं विचार केला नव्हता. सरिता तिरळी होती. पोरं तिला चकणी म्हणायची.

कोणता डोळा, एवढंच मला पाहिजे होतं. पहिल्या वहीत तो असणार अशी माझी खात्री होती, तेव्हा तिला जाऊन फक्त आठ वर्षं झाली होती. वही उघडली. पहिल्या दिवशी तिचा डावा डोळा नाकाकडे वळलेला आहे. दुसऱ्या दिवशीही डावा. चौथ्या दिवशी उजवा. पाचव्या दिवशी पुन्हा डावा, आणि बाजूला बारीकसं प्रश्नचिन्ह. म्हणजे वीस वर्षांचा असतानाच मला आठवत नव्हतं. पंधराव्या दिवशी दोन्ही डोळे सरळ आहेत आणि तिथून पुढे अठ्ठावीस वर्षं सरळच आहेत. तो पंधरावा दिवस मला नीट आठवतो. सुटीत सानगडीला गेलो होतो, आदल्या संध्याकाळी मायनं चुलीपुढे बसून वही मागितली होती. हात पदराला पुसून ती एकेक पान उलटत गेली. तिरळ्या डोळ्याची पानं तिनं भराभर उलटली, पोळी तव्यावर आहे म्हणून घाई असावी तशी. मी दुसऱ्या दिवशी सरळ डोळ्यांची काढून दाखवली, तेव्हा वही डोळ्यांजवळ नेली, आणि किती वेळ धरून ठेवली. "अस्सी दिसे माही पोर," म्हणाली. आठ वर्षांत तिच्या तोंडावर मी तसा आनंद पाहिला नव्हता. त्या मुलीचं लग्न कसं होईल या काळजीनं माय तिला दर रविवारी अंजन घालायची, कोणी कोणी सांगितलेले पाले चोळायची. मी पेन्सिलीच्या दोन ठिपक्यांत तो डोळा बरा केला होता. मग परत वाकडा कोण करणार?

तिची नजर अशी की एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा भलतीकडे, आणि लहानपणी मला वाटायचं की हिला एका वेळी दोन गोष्टी दिसतात. मला तिचा हेवा वाटायचा. बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याच्या, पाळीवर बसून आम्ही दोघं बाबांची वाट बघायचो. धानाची लावणी, आमच्याकडचा रोवणा, सुरू असायची, बांधीतल्या चिखलात बाया ओळीनं वाकलेल्या, कोवळ्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या, पेंढ्यांचा ओला वास. मी विचारायचो, "सरे, आता काय काय दिसते?" ती म्हणायची, "तू दिसतं, अन् बगळा दिसते." बगळा कोणत्या बाजूला होता? त्या सकाळी कितीतरी वेळ मी त्या बगळ्याला शोधत होतो. पाळीवर बसलं की पाणी आमच्या उजव्या हाताला, म्हणजे बगळा उजवीकडे, आणि ती माझ्या उजवीकडे बसायची की डावीकडे? ताट वाढलं की ती माझ्या डाव्या हाताला बसायची, ते पक्कं, कारण तिच्या कोपराचा धक्का माझ्या डाव्या हाताला लागायचा आणि मी खेकसायचो. पण पाळीवर? मी डोळे मिटून तिथे जाऊन बसायचा प्रयत्न केला. पाय खाली सोडले. चिखलाचा थंडपणा लागला, पाठीवर ऊन लागलं, डाव्या घोट्याला मुंगी चावलेलीसुद्धा आठवली. मग मान वळवून पाहिलं तर शेजारी चिमी बसली होती. दोन वेण्या, मोठे सरळ डोळे, आणि ती माझ्याकडे बघून हसली. मी दुसरीकडे मान वळवली तर तिकडेही तीच. असा मी घरातल्या घरात, छताच्या पंख्याखाली बसून, घाबरलो.

अकरा वाजता पुण्याहून रुचिताचा फोन आला. रुचिता आताची संपादक, तिशीची, बोलायला गोड, कामाला पक्की. तेराव्या पुस्तकाचं मुखपृष्ठ त्या दिवशी द्यायचं ठरलं होतं. मी म्हटलं, रुचिता, या वेळी चिमीचा चेहरा जरा बदलू या का, केस आखूड, कपाळ मोठं. ती हसली. "सर, मुलं तिला झोपेतसुद्धा ओळखतात. आता तिला हात लावायचा नाही हं. तुम्ही स्वतःसुद्धा नाही." तिनं ते कौतुकानं म्हटलं होतं. मी बरं म्हटलं. फोन ठेवून मुखपृष्ठ अर्ध्या तासात संपवलं, कारण चिमीला मला विचार लागत नाही, हात आपला आपण जातो. मग कोऱ्या कागदावर फोटोतली मुलगी आठवून काढायला घेतली. रुंद कपाळ नीट आलं, भुवया आल्या, आणि डोळ्यांशी पोचलो की हात सरळ चिमीच्या रस्त्याला लागायचा. सात कागद झाले. एकाही कागदावर सरिता नव्हती. मला रडू यायला पाहिजे होतं, ते आलं नाही, नुसता हाताचा राग आला.

गुरुजींना विचारलं तर त्यांनी आवाजातला निरोप पाठवला, "डोमाची सरिता न? पाढे चांगले म्हने. डोळ्याचं नाही बाप्पा आठवत, चार हजार पोट्टे शिकवले म्या." पण त्यांनी गुलाबचा नंबर दिला. गुलाब आता अड्याळला असते, बाजारात तिचं बांगड्यांचं दुकान आहे. मी नाव सांगितलं, सानगडीचा सुगत म्हटलं, डोमाजी मेश्रामांचा मुलगा म्हटलं, तेव्हा ती पटकन म्हणाली, "सरिताचा भाऊ?" छत्तीस वर्षांत मला कोणी सरिताचा भाऊ म्हटलं नव्हतं.

"फोटो पाह्यला का भाऊ?" तिचं सुरूच होतं. "मी त काय टिपटॉप दिसून राहिली त्यात! सुनेले दाखवला, थे म्हने हे तुमी होयच नाही."

"गुलाबबाई, एक विचारायचं होतं. सरिताचा कोणता डोळा तिरपा होता?"

मागे बांगड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. "होता एक. मले वाटे थे माह्यासंग बोलते, अन् पाहे भिताडाकडं. कोन्ता म्हनसान त... डावा. नाही, थांबा. उजवा असन. आता खोटं कायले बोलू भाऊ, नाही आठवत."

"फोटोत तिचे डोळे मिटलेले आहेत."

"मिटनच न. तुमीच सांगतलं होतं तिले."

"मी?"

"तुमाले याद नाही? शाळेत येता येता मले सांगे, माहा दादा म्हनते, फोटोत डोळा वाकडा आला त जलमभर वाकडाच राह्यते, तू आपले मिटून घेजो. फोटोवाला बोंबलला, गुरुजी वरडले, पन तिनं काही उघडले नाहीत. भारी जिद्दी होती." ती हसली, आणि मग तिचा आवाज जरा मऊ झाला. "तुमच्यावर लय जीव होता तिचा. अन् भाऊ, माह्या नातनीच्या पुस्तकात तुमची थे चिमी आहे न, सारे म्हनतात, गुलाबबाई, हे पोट्टी त तुमच्यावानीच दिसते. मी म्हनतो, असन बाप्पा."

मला ते बोललेलं अजिबात आठवत नाही. बारा वर्षांच्या पोरानं बहिणीवरच्या मायेनंच म्हटलं असेल, कोणी हसू नये म्हणून. माझी माया नेहमी अशीच कामाला येते. तिचा जगात एकच फोटो निघाला आणि त्यातला तो डोळा मी आधीच मिटवून ठेवला होता. पुढच्या जुलैत, ऐन रोवण्यात तिला ताप चढला, तिसऱ्या दिवशी साकोलीच्या दवाखान्यात ती गेली. मला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. म्हणजे ते डोळे शेवटचे पाहिले ते फक्त माय आणि बाबांनी, आणि बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. आता हे एकट्या मायला माहीत होतं. ती गेली की कोणालाच माहीत नसणार.

माझी माय, बायजाबाई, सत्त्याहत्तरची आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सुईत दोरा ओवते. तिच्या पलंगासमोर भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि तिच्याशेजारी चिमीचं पोस्टर. पौर्णिमेला ती तसबिरीपुढे मेणबत्ती लावते आणि लावता लावता पोस्टरवरचीही धूळ पदरानं पुसते. जेवणं झाल्यावर मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, जवळ घेतला, आणि माझ्यासारखंच बोट ठेवलं, गुलाबवर. "हे पाह्य. हे माही सरिता. कुठून सापडलं रे बाबू?"

"थे गुलाब आहे माय. सरिता हे. मागची."

तिनं पाहिलं. फार वेळ पाहिलं नाही. "हे कोनाची होय?"

"माय, सरिताचा एक डोळा तिरपा होता न? कोणता होता?"

"कोन म्हनलं?" ती एकदम तडकली. "कोन म्हनलं तिरपा होता? माह्या पोरीचे डोळे चांगले होते. थे काय तिथं भितीवर दिसून राहिली, आंधळा झाला का तू?" मोबाइल पालथा करून तिनं पलंगावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मी तिथेच बसून राहिलो. मीच तिला ती मुलगी दिली होती, रोज एक, दहा हजार वेळा. आता कोणत्या तोंडानं परत मागणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे वही उघडली. तारीख टाकली. बकरी नाही, ट्रक नाही, दुसरं काही काढलं नाही. मोबाइल समोर उभा केला आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा समोर बघून सरिता काढली, पूर्ण पानभर. रुंद कपाळ, जाड भुवया, कापलेले केस, मिटलेले ओठ. डोळे मिटलेलेच काढले, कारण मला तेवढेच माहीत होते. चित्र चांगलं आलं, एवढं मला कळतं. माय बशीत चहा घेऊन आली आणि रोजच्यासारखी माझ्या खांद्यामागे उभी राहिली. कालचा राग होता की नाही कळत नव्हतं. तिनं चहाचा घोट घेतला नाही. बशी हातात तशीच राहिली.

"असीच होती थे," ती म्हणाली. "त्या दिवसी. साकोलीले."

मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती गप्प झाली असती.

"म्याच मिटले होते. डाक्टर म्हने मिटा बाई, त म्या मिटले." तिचा श्वास माझ्या कानाशी येत होता. "असी नोको ठेवू तिले. उघड न डोळे."

माझ्या हातातली पेन्सिल कागदाला टेकलेली होती. तिनं तिला ओळखलं होतं, या मुलीला, जिला मीसुद्धा ओळखलं नव्हतं. आता विचारलं तर ती सांगेल असं मला वाटलं, आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात ती पुढे म्हणाली, अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये तशी.

"दोनी सारखे काढजो बाबू."

म्हणजे तिला माहीत होतं. कोणता ते तिला नीट माहीत होतं, आणि ती ते मला कधीही सांगणार नव्हती. रबर नव्हतं. मिटलेल्या पापण्यांच्या रेघांवरच मी दोन डोळे उघडले, मोठे, सरळ, एकसारखे. हाताला अजिबात वेळ लागला नाही. मायनं वाकून पाहिलं, मग बशी तोंडाला लावली.

"हां," ती म्हणाली. "हे माही पोर."